युवराजचा फोटो

एरंडोलला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. द्रौपदाबाई मुलाचा जुना फोटो मोठा करून घ्यायला आल्या होत्या. युवराज घरातून निघून गेला त्याला बारा वर्षं झाली होती. आता भाऊबंदांनी त्याला गेलेला मानून विधी उरकायचं ठरवलं होतं आणि हार घालायला फोटो हवा होता.

ग्लॉसी कागदावर प्रिंट काढली. गालावर डाग दिसला म्हणून अंगठा फिरवला, तर अख्खा चेहराच पुसला गेला. शर्ट, कॉलर, मागची कपाशी जागच्या जागी होती.

चूक माझीच वाटली. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घातला की टोनर धरत नाही. स्वतःवरच चरफडत मी लेझरचा कागद घातला आणि नवी प्रिंट पुसून पाहिली. पुन्हा फक्त चेहरा निघाला. फोटोतल्या पोराला मिसरूडही फुटलेलं नव्हतं, पण माझ्या अंगठ्याला दाढीचे खुंट टोचले.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “त्याले हार नको व्हई.”

मी हट्टाने तिसरी प्रिंट काढली. तिच्यावर अंगठा टेकवला, तोच त्यांचा फोन वाजला. बारा वर्षं त्यांनी नंबर बदलला नव्हता. त्यांनी फोन स्पीकरवर घेतला.

“माय, मी युवराज.”

बाई रडता रडता हसायला लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

“माय, आज मन्हं तोंड कोन पुसी ऱ्हायनं?”

मी अंगठा झटकन उचलला.

“हां,” तो म्हणाला, “आते थांबनं.”