पांढरी रेघ

तिसऱ्या शनिवारीही ट्रक सुरू झाला नाही.

मागे दोरांनी करकचून बांधलेलं लेथ मशीन पहाटेपासून प्रवासाला सज्ज होतं. ट्रक मात्र रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा नुसता खाकरत होता.

"पाइपात हवा शिरली असणार," वडील चावी काढत म्हणाले.

"बाबा, गेल्या शनिवारीही हेच झालं होतं."

"म्हातारपणाची दुखणी ती. निरोप घेऊन जातात आणि चप्पल विसरली म्हणून परत येतात."

ट्रक मुलीपेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता. त्याची सगळी दुखणीखुपणी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच निस्तरली जात. कुठल्याही गॅरेजचा उंबरठा त्याने पाहिला नव्हता आणि त्याच्या स्टिअरिंगला वडिलांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

मुलगी दूरच्या शहरात कारखान्यात काम करी. शुक्रवारी संध्याकाळी घरी येई, रविवारी परते. आता त्याहूनही दूरच्या एका शहरात तिला स्वतःच्या वर्कशॉपसाठी जागा मिळाली होती. महिनाअखेरीपर्यंत लेथ तिथे पोचलं नाही, तर मालक ती जागा दुसऱ्याला देणार होता. महिन्याचा एकच शनिवार उरला होता.

"भाड्याचा ट्रक बोलावू का?" तिने भीतभीत विचारलं.

"घरात ट्रक असताना?" वडिलांनी बॉनेट वर केलं. "मी नेतो म्हणालोय ना? मग मीच नेणार."

ते डोळे मिटून काम करू लागले. पान्यावरून अंगठा फिरवून त्याचा आकडा ओळखायचा, नटाच्या कडा चाचपायच्या, मग पाना लावायचा. "डोळ्यांना काजळी फसवते, बोटांना नाही," हे त्यांचं वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या मिटल्या चेहऱ्यावर तिला नेहमी एक दूरचा रस्ता दिसे.

आईने चहा आणला. वडिलांनी कप मडगार्डवर ठेवला, आणि तो सरळ जमिनीवर गेला.

"हल्ली कपांना बूडच नसतं," ते म्हणाले.

"आणि माणसांना धीर," आई म्हणाली. मग उंबऱ्यावर बसून तिने सीटचं उसवलेलं कव्हर मांडीवर ओढलं आणि पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. साठी उलटली तरी तिला कधी चष्मा लागला नव्हता.

दुपारी तीनला दोष सापडला. डिझेल फिल्टरच्या पाइपाचा नट सैल होता, चांगले दोन फेरे. वडिलांनी तो आवळला, हवा काढली, आणि ट्रक गुरगुरला.

"निघू या?" मुलगी म्हणाली.

"आता वाटेत अंधार गाठेल. पुढच्या शनिवारी."

ती नटाकडे पाहत राहिली. धावत्या गाडीचा नट सैल होतो; हादरे त्याला हळूहळू फिरवतात. पण हा ट्रक चार महिने जागचा हलला नव्हता. उभ्या गाडीचा नट आपण होऊन दोन फेरे कसा फिरेल? त्या विचाराने तिला घेरलं. तो राग नव्हता. बंद खोलीत कुणीतरी कुजबुजतंय असं वाटावं, तसं कुतूहल होतं.

घरात माणसं दोनच. आणि आई कालच म्हणाली होती, "त्या शहरात गेलीस की शुक्रवारची येणार थोडीच. अजून थोडे दिवस राहिलं तर काय बिघडतं?"

रविवारी दुपारी दोघं झोपली असताना मुलगी शेडमध्ये गेली. फळीवर एकाच मापाचे दोन डबे होते. एकात ट्रकच्या मागच्या फळीला लावायचा लाल रंग, दुसऱ्यात पांढरा. तिने पांढरा उघडला आणि काडीने नटावरून पाइपापर्यंत एक जाड रेघ ओढली. ही युक्ती वडिलांचीच. नट आवळला की पांढरी रेघ मारायची. रेघ तुटली की समजायचं, कुणाचा तरी हात फिरला.

तिने कुणालाही सांगितलं नाही.

चौथ्या शनिवारी ऊन अंगणात उतरलं, तेव्हा लेथ पुन्हा बांधून तयार होतं. वडिलांनी चावी फिरवली. ट्रक खाकरला आणि गप्प झाला.

मुलगी बॉनेटकडे गेलीच नाही. ती थेट उंबऱ्याशी आली.

"आई, का करतेस असं?"

आईची सुई थांबली. "मी काय केलं?"

"नट तू सैल करतेस. मी जाऊ नये म्हणून."

"मी?" आई हसली, पण ते हसू ओठांपाशीच विझलं. "मला बाटलीचं झाकण उघडायला तुझे बाबा लागतात, बये."

"मग कोण? आज माझी जागा जाणार आहे, आई. एवढं तरी सांग."

आईने मुलीकडे पाहिलं नाही. ती केबिनकडे पाहत होती.

केबिनचं दार उघडलं. वडील पायरी पायाने चाचपत खाली उतरले आणि मडगार्डला हात लावून उभे राहिले.

"तिला बोलू नकोस," ते शांतपणे म्हणाले. "उगाच कुणावर आळ घेऊ नये. तू गेल्या रविवारी नटावर पांढरी रेघ मारली होतीस ना? जा, बघून ये. रेघ शाबूत आहे. कुणाचा हात लागलेला नाही."

मुलीने बॉनेट उचललं. उन्हाची तिरीप नेमकी फिल्टरवर पडली होती. तिने नटाला बोट लावलं. तो सहज फिरला. पण फिरण्याआधी रेघ खरोखरच शाबूत होती. नटापासून पाइपापर्यंत सलग, कडेला कड भिडवून इतक्या निगुतीने ओढलेली, की तिच्या स्वतःच्या हातूनही एवढी सरळ आली नव्हती.

फक्त ती लाल होती.