शांत मासे

फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नापुढे नवऱ्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कधीच नाही', आणि खाली एक रेघही मारली. प्रश्न होता : तुमच्यात भांडणं किती वेळा होतात?

तिने ते वाचलं आणि समोरच्या काचेच्या टाकीकडे नजर वळवली. समुपदेशक बाईंच्या बाहेरच्या खोलीत बघण्यासारखं तेवढंच होतं. आत गेल्यावर आज तिला सांगायचं होतं की मला आता या माणसाबरोबर राहवत नाही. का, असं विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र अकरा वर्षांत तिला सापडलं नव्हतं. तो पीत नव्हता, हात उगारत नव्हता, उलटून बोलत नव्हता. ती चिडली की तो उठून दोन कप चहा करायचा, तिचा तिच्यापुढे ठेवायचा आणि पेपर उघडायचा. तिचं बोलून होईपर्यंत चहावर साय धरायची. हळूहळू तीही मूग गिळून बसायला शिकली. नातेवाईक म्हणायचे, नशीब काढलंस. तो म्हणायचा, टाळी एका हाताने वाजत नाही. खरंच होतं ते. त्याने आपला हात कधी पुढे केलाच नव्हता.

टाकीत एक पिवळा मासा निळ्याच्या हात धुऊन मागे लागला होता. टाकीची देखभाल करणारा माणूस बाह्या सरसावून स्टुलावर उभा होता आणि काउंटरवरची बाई त्याच्यावर करवादत होती.

"काय टाकताय हो तुम्ही पाण्यात? दोन वर्षं कसे गुण्यागोविंदाने राहत होते! एका जागी शांत. आलेल्या माणसांना बघून बरं वाटायचं. आता दिवसभर नुसत्या मारामाऱ्या."

"शांत नव्हते, ताई. आजारी होते." त्याने हातातली काचनळी उजेडात धरून तिचा रंग पाहिला. "हे आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड. यांना चुनखडीचं, जड पाणी लागतं. पीएच आठच्या आसपास. तुमचं नळाचं पाणी हलकं, त्यात शोभेला हे लाकूड बुडवलेलं. साडेसहावर आलं होतं. यांचे रंग उडाले होते, कुणाच्या लक्षात आलं?"

"पण मेला तर एकही नाही."

"लगेच मरत नाहीत. नुसते जगतात. जात मुळात भांडखोर. आपला कोपरा राखायचा, दुसरा आला की अंगावर जायचं. हा भांडायचा थांबला की समजायचं, काहीतरी बिघडलंय." त्याने पाण्यात हात घालून एक दगड सरळ केला. "महिनाभर थोडं थोडं वर आणतोय. एकदम बदललेलंही सोसत नाही यांना."

नवरा तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "चांगले गप होते बिचारे. उगाच बिघडवलं."

तिने त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला, पेनही घेतलं आणि 'कधीच नाही'वर काट मारली.

"अगं, खाडाखोड कशाला? काही चुकलं का?"

"चुकलं! सगळंच चुकलं!" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. काउंटरवरच्या बाईने मान वर केली.

तो सवयीने उठला. "थांब हं, तुझ्यासाठी पाणी आणतो."

"नकोय मला पाणी! बस खाली!"

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आता हा नेहमीसारखा काही न बोलता पाणी आणायला जाणार, असं तिला वाटलं.

"मग करू काय मी?" तो ओरडला. "अकरा वर्षं जिवाचा आटापिटा करतोय, घरात आवाज चढू नये म्हणून! माझ्या बापाचा आवाज ऐकला असतास ना, म्हणजे कळलं असतं तुला!"

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बापाबद्दलही नाही. तिला भीती वाटली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच समोर कुणीतरी आहे असंही वाटलं.

आतलं दार उघडलं. समुपदेशक बाई हसून म्हणाल्या, "या, तुमचाच नंबर."

"थांबा जरा," ती म्हणाली. "आमचं भांडण चाललंय."