दसऱ्याचं स्वस्तिक

सकाळी साडेसातला दिगंबररावांनी व्हॅनच्या बॉनेटवर स्प्रेचा शेवटचा डबा संपवला आणि पाचव्या मिनिटाला रंग फाटला. चार दिवस त्यांनी स्वतः गंज घासून खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली होती. दुपारी चारला आरटीओची तपासणी होती. पंधरा वर्षांची व्हॅन नापास झाली, तर थेट भंगारात जाणार होती.

रंग बॉनेटच्या मधोमधच मागे सरकला होता. तिथे ठसठशीत स्वस्तिक उमटलं होतं.

"अगं, दर दसऱ्याला तू कुंकू तेलात कालवायचीस?"

"मग? पाण्यातलं दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही," कुसुमताई म्हणाल्या.

"जुन्या रंगात तेल मुरलंय. त्यावर नवा रंग धरत नाही!"

"पण अहो, तेवढ्याच जागी गंज नव्हता ना?"

दिगंबरराव स्वस्तिकावर वाकले. गंज नव्हता, म्हणूनच तेवढी जागा त्यांनी घासली नव्हती.

सव्वाचारला निरीक्षकाने स्वस्तिकावरून बोट फिरवलं. "हे मुद्दाम केलंय?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले.

"हो," कुसुमताई त्याच क्षणी म्हणाल्या.

सहीसाठी उघडलेलं पेन निरीक्षकाने बंद केलं. "आधी तुमचं दोघांचं एकमत होऊ द्या."