प्राइमरचा जाड हात

"वहिनी, प्राइमर मारायचा की नाही ते आत्ताच सांगा," विकी पेंटर म्हणाला. "मग मधेच काम थांबवायचं नाही."

नीलम भिंतीकडे बघत उभी होती. खिडकीशेजारी, पडद्याच्या कडेला तो तेलकट डाग. सासऱ्यांच्या डोक्याचा. निवृत्त झाल्यावर जयवंतराव रोज तिथे भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे आणि खाली गेटकडे, त्यापलीकडच्या रस्त्याकडे बघत राहायचे. ते गेल्यावर मधे एकदा रंग झाला होता, पण डाग काही दिवसांत पुन्हा हजर.

"तेल आहे ते, नुसत्या रंगाला दाद देत नाही," विकी म्हणाला. "प्राइमर मारला तर दबेल. पण मग आजचा दिवस वाळायला गेला. आजींना उद्यापर्यंत हॉलमध्ये हलवावं लागेल."

आजी म्हणजे नीलमच्या सासूबाई, रुक्मिणीबाई. त्या पलंगावर पडून सगळं ऐकत होत्या. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांनी अंथरूण सोडलं नव्हतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. चाला, असं डॉक्टर सांगून थकले. पण पाय जमिनीला लागला की त्या किंचाळत. शेवटी नीलमने अंधेरीच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली आणि ती विक्रोळीच्या या घरात अडकून पडली.

आता रजा संपत आली होती. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा, असा ऑफिसचा निरोप आला होता. त्या दिवसापासून सासूबाईंकडे बघायला एक बाई येणार होती. निदान खोली तरी धड दिसावी, म्हणून हा रंगाचा घाट.

"प्राइमर नको," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माका वास सोसूचो नाय. आणि तेंचो तेवढोच डाग उरलो हा. तो पण पुसतलंस?"

"राहू दे ना गं," नीलमचा नवरा नितेश म्हणाला. "नुसता रंग मारून टाकू. आईला हलवायचं म्हणजे किती कटकट, यार."

नीलमच्या डोक्यात सणक गेली. या घरात प्रत्येक गोष्ट 'राहू दे'वर येऊन थांबत होती. उद्या तिची नोकरीही अशीच राहिली असती.

"प्राइमर मारायचा," ती म्हणाली.

सासूबाईंना चादरीसकट उचलून हॉलमध्ये नेताना त्यांनी असा काही हंबरडा फोडला की शेजारीपाजारी दारात जमा झाले. नीलमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता माघार घेतली असती तर कायमचीच घेतली असती.

विकी जेवायला गेला तेव्हा तिने स्वतःच ब्रश उचलला. सासरे चांगले ताडमाड होते, दारातून आत येताना वाकायचे. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि हात उंच करून डागावर प्राइमरचा आणखी एक जाड हात दिला. 'माफ करा, बाबा,' ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खोली झकास दिसत होती. सासूबाईंनी मात्र अबोला धरला. नीलम रोज सकाळी त्यांचं अंग पुसायची, डोकं तापू नये म्हणून माक्याचं तेल थापून वेणी घालायची, पाणी आणि फोन उशाशी ठेवायची आणि धावत भाजी-औषधं आणायला जायची. अबोल्यातही एक प्रश्न ठरलेला असायचा.

"किती वेळ लागतलो?"

एक तारीख दोन दिवसांवर आली होती, तेव्हा सकाळीच नितेशने हाक मारली. "नीलम, इकडे ये. वाट लागली!"

पडद्याच्या कडेला, नव्या पांढऱ्या रंगावर तळहाताएवढा तेलकट डाग उमटला होता.

"त्या विक्याने फसवलं आपल्याला. प्राइमरमध्ये नुसतं पाणी घातलं असणार."

रुक्मिणीबाईंनी भिंतीकडे बघून हात जोडले. "इले मां परत! माका परक्या बाईच्या हातात देतास, तां तेंका बघवना नाय."

नितेश असल्या गोष्टी मानणारा नव्हता, पण तोही भिंतीपासून दोन पावलं मागे सरला. मग खाली बघत म्हणाला, "नीलम, अजून थोडे दिवस थांबलीस तर? ऑफिसला सांग ना काहीतरी."

नीलमच्या अंगावर सरसरून काटा आला. विकीवर संशय घ्यायला जागाच नव्हती, शेवटचा हात तिने स्वतः दिला होता. तो डाग वर येऊच शकत नव्हता. मग आपण पुसलं ते नक्की काय? तिला एकदम रडू फुटलं.

"सांगते," ती म्हणाली. "नोकरी सोडते म्हणून कळवते."

नितेशने सुटकेचा श्वास टाकला आणि तो अंघोळीला गेला. पलंगावर सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. नीलम भिंतीजवळ गेली. बाबांची एकदा नीट माफी मागावी, म्हणून तिने हात जोडले आणि डागावर कपाळ टेकलं.

कपाळ अलगद डागावर टेकलं. टाचसुद्धा उचलावी लागली नाही.

वास ओळखीचा होता. रोज सकाळी तिच्याच हातांना येणारा. तिने मान वर करून पाहिलं. स्टुलावर चढून जिथे तिने प्राइमर दिला होता, तिथे वर, भिंत पांढरीशुभ्र होती.

तिने पडदा बोटभर सरकवला. खाली गेट, त्यापलीकडे औषधांचं दुकान आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला.

ती वळली. सासूबाईंचे उघडे डोळे पटकन मिटले.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी भाजीला जाते तेव्हा इथून कुठपर्यंत दिसते हो?"