लंबकाचे झोके

"गुरुत्वाकर्षणाचं उत्तर ९८० यायला हवं. तुझं १०४८ कसं?" ढमाले सर टेबलावर वाकून कुजबुजले. "उलटं गणित करून रीडिंग बसव. सगळ्यांनी तेच केलंय."

बी.एस्सी.चं शेवटचं प्रॅक्टिकल. मार्क गेले तर खगोलशास्त्राला प्रवेश नाही. शर्वाणीनं खोडरबर उचललं, पण लंबकाचे झोके मोजून लिहिलेला आकडा खोडायला हात धजेना.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा पेपर वाचला आणि तिथलं स्टॉपवॉच आपल्या मनगटी घड्याळाशेजारी धरलं. ते मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होतं.

"या स्टॉपवॉचवर १०४८च येणार," ते सरांकडे वळून म्हणाले. "बाकीच्या पाच जणांनीही हेच वापरलं ना? मग त्यांचं ९८० कसं आलं?"

"दिसेल तेच लिहायचं," हे पहिल्या वर्षी शर्वाणीला ढमाले सरांनीच शिकवलं होतं.