महिनाभराचं काम

ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागली, म्हणून शरयूताई नवी कपाटं बघायला निघाल्या. बाजारातल्या मोठ्या शोरूममधली मुलगी हसतमुखाने म्हणाली, "आजी, सगळं तयार मिळतं. सकाळी माणसं येतील, दुपारपर्यंत बसवून जातील. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

शरयूताईंनी मान डोलावली. यजमान गेल्यापासून त्यांच्या घरात कळण्यासारखं काही घडतच नव्हतं. 'उद्या सांगते,' म्हणून त्या बाहेर पडल्या.

घराजवळ पांचाळ मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. त्यांनाही विचारलं.

"काकू, खरं सांगू? मी बनवायचं म्हणजे तुमच्या घरीच बसून. मी आणि माझा भाऊ महिनाभर येणार. दिवसभर ठोकठोक, घरभर भुसा, वर आमच्या चहाची कटकट. त्यापेक्षा तयारच घ्या."

"जेवणाचं काय करता?"

"डबे आणतो आम्ही."

"आणू नका," शरयूताई म्हणाल्या. "उद्यापासून या."

परतताना त्यांनी भाजीवालीकडे मेथी मागितली. तिने नेहमीसारखी अर्धी जुडी सोडवायला घेतली.

"अगं, राहू दे," शरयूताईंनी पिशवी पुढे केली. "दोन जुड्या टाक."