वरचा बोल्ट
वडिलांची जीप न्यायला आलेला थोरला भाऊ धाकट्याच्या दारातच तेल बदलायला बसला. “चाकांमधल्या डिफरन्शियलला घट्ट तेल लागतं, गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसला पातळ. सगळीकडे एकच ओतलंस तर वाट लागेल,” धाकटा खेकसला. “गाडी माझी, तेल माझं. तू तोंड बंद ठेव.” थोरल्याने तावातावाने ट्रान्सफर केसचा खालचा बोल्ट काढला आणि जुनं तेल घमेल्यात सोडलं. तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतोय ना, हे आधी बघायचं, असं वडील दोघांनाही बजावत. तो गंजून जाम झालाय, हे ठाऊक असूनही धाकटा मुद्दाम गप्प राहिला. अखेर पाना घसरून वरच्या बोल्टचं डोकं गोल झालं आणि नवं तेल डब्यातच राहिलं. “सांगितलं का नाहीस?” “तोंड बंद ठेवलं होतं.” थोरल्याने हात पुसले. “तुझ्या बायकोला सांग, जीप हलेपर्यंत माझा मुक्काम इथेच.”